पोच

अकरा वर्षं मी ‘खरखर’ फुकट वाचली.
चोरून नव्हे.
कुडचड्याला आग्नेलच्या फार्मसीत
खोकल्याच्या औषधांशेजारी अंक पडलेला असायचा,
गिऱ्हाईक नसलं की तो म्हणायचा, व्हर, पूण परत हाड.
मी परत न्यायचो. तेवढा प्रामाणिक होतो.

तिमाही, सोळा पानं, मधोमध दोन पिना,
त्यातली एक नेहमी तिरकी.
कोणतं केंद्र कोणत्या मीटरवर, किती वाजता,
सूर्यावर यंदा डाग किती,
तार माडापासून फणसापर्यंत नेली तर काय ऐकू येतं
आणि विजा चमकायला लागल्या की ती आधी का सोडवायची.
सगळं वहीत उतरवून घ्यायचो.
वर्गणी वर्षाला तीनशे.
तेवढ्याचे बांगडे आमच्याकडे एका रविवारी संपतात.

त्याच वहीच्या जोरावर
एका रात्री, सगळ्या वाड्यावरची वीज गेलेली,
फ्रिज, पंखे, शेजारच्या टीव्हीची कुरकुर, सगळं गप्प,
आणि खरखरीच्या तळातून
उलानबातर वर आलं.
एक बाई हवामान सांगत होती, उणे बावीस.
मी बनियनवर, घामाने निथळत,
पाच आकडे लिहिले:
जोर, घुसखोरी, गोंगाट, चढउतार, एकूण.
तीन, चार, तीन, दोन, तीन.
पत्र टाकलं, की बाई, तुम्ही इथवर पोचलात.
चार महिन्यांनी कार्ड आलं, उंटाचं,
मागे शिक्का: आपली नोंद बरोबर आहे.

ते कार्ड भिंतीवर आहे.
नोंद कशी लिहायची ते ज्यांनी शिकवलं
त्यांना मात्र मी एक ओळ कळवली नव्हती.

अठ्ठावन्नाव्या अंकात शेवटच्या पानावर चौकट होती.
वर्गणीदार एकेचाळीस.
कागद महागला, डिचोलीचा छापखाना आता उधार देत नाही,
काब द रामच्या पठारावरचं ऐकण्याचं शिबिर
मंडळाला यंदा झेपेलसं दिसत नाही.
खाली नेहमीचं ‘पुढील अंकी’ नव्हतं.

मी फोंड्याची बस धरली.
संपादक उमाकांत वेर्णेकर, तारखात्यातून निवृत्त,
पडवीत बसून खळीने पत्ते चिकटवत होते.
मी तीन हजार तीनशे पुढे केले.
त्यांनी मोजले, तीनशे ठेवले, बाकीचे सरकवले परत.
“ते अंक आग्नेलने भरलेत. हिशेब मिटलाय.
उकरू नको, मला बेरीज पुन्हा करावी लागेल.”
मग कार्बन घालून पावती.
कार्बन इतका जुना की खालच्या प्रतीवर
माझं नाव उमटलंच नाही, नुसता दाब.

आणखी काही करू का, विचारलं.
चष्मा कपाळावर नेत म्हणाले,
“पहाटेच्या केंद्रांचं सदर शेवंती गावस लिहितात.
डावा कान गेला त्यांचा, उजवाही चाललाय.
काणकोणला जा, त्यांच्यासाठी ऐक.
मोठ्याने सांग. आणि त्या चुकलं म्हणाल्या
तर चुकलंच असेल.”

परतताना बसमध्ये पोस्टकार्ड लिहिलं,
तारीख, वेळ, ठिकाण: सांवर्ड्याच्या अलीकडे.
केंद्र: ‘खरखर’.
जोर कमी. घुसखोरी नाही.
गोंगाट बराचसा माझ्याच बाजूचा.
चढउतार, हो.
‘एकूण’पुढे काय घालावं ते सुचेना
तोवर माझा थांबा आला.

एकोणसाठावा अंक टपालाने आला,
माझ्या पत्त्यावर, खळीच्या वासाचा.
पान बारावर ते कार्ड छापलंय, नावात एक काना कमी.
दोन्ही पिना तिरक्या.
वाचून झाल्यावर तो मी आग्नेलच्या दुकानात ठेवला.
काल एक पोरगा उभ्या उभ्या चाळत होता,
हातात आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी.
मी काही बोललो नाही.
आग्नेल बोललाच.